दूरदर्शनच्या जुन्या गाण्यांच्या मागावर : डोंबिवली, दादर, वरळी, दिल्ली

कृष्णधवल जमान्यात दूरदर्शनवर झालेलं गाणं आज बघायला मिळेल का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच : गायकाच्या नावानं शोधू नका, तारखेनं शोधा. नावानं शोधलं की प्रत्येक जण "हो हो, त्यांचं खूप होतं" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तारीख हातात असली की समोरच्याला रजिस्टर उघडावं लागतं.

माझं निमित्त घरचं होतं. मामा तबल्याच्या साथीला असायचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची काही वर्षं भावगीत, नाट्यसंगीत असं काही असलं की तो वरळीला केंद्रावर जायचा. त्याला पडद्यावर बघितल्याचं आईला आठवतं, मला नाही.

निघण्यापूर्वी घरबसल्या होणारं काम उरकून घ्या. यूट्यूबवर प्रसार भारती अर्काइव्हज आणि सह्याद्री वाहिनी, शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं प्रसार भारतीचं वेव्हज ॲप, हे सगळं चाळा. नाव देवनागरीत टाका, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी. मग थोडं गणित करा. रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं. गायिका केसरबाई केरकर १९७७ मध्ये गेल्या, वसंतराव देशपांडे ३० जुलै १९८३ ला. म्हणजे वसंतरावांचं रंगीत चित्रीकरण सापडलंच तर ते शेवटच्या वर्षभरातलं. कुमारजी (कुमार गंधर्व) आणि मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) दोघेही १९९२ पर्यंत होते, त्यामुळे तिथे आशेला जास्त जागा आहे. क्लिपच्या सुरुवातीला दूरदर्शनचं ते फिरत जुळणारं बोधचिन्ह असेल तर ती १९७६ च्या आधीची नाही, कारण १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं आणि ते चिन्ह तेव्हापासूनचं.

इतकं कमी का उरलं? बरेच कार्यक्रम थेट जायचे, मुद्रण, म्हणजे टेपवर रेकॉर्डिंग, व्हायचंच नाही. जे व्हायचं त्याची टेप महागडी, म्हणून काम झालं की पुसून तिच्यावरच पुढचा कार्यक्रम. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनंही साठच्या दशकातले 'टॉप ऑफ द पॉप्स'चे बहुतेक भाग असेच घालवले. तेव्हा एकट्या दूरदर्शनला बोल लावण्यात अर्थ नाही.

तर तारीख. ती मिळाली डोंबिवलीत. पुण्याहून कल्याणला उतरून लोकल धरली आणि मामीकडे धडकले.

"मामी, मामाची दूरदर्शनची पत्रं ठेवली आहेस का गं?"

"तुझ्या मामानं टाकलंय काय आजवर? माळ्यावरची ट्रंक काढ. आधी चहा घे पण."

ट्रंकेत एलआयसीच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि त्यांच्यात गुंडाळलेली करारपत्रं. कलाकाराला बोलावताना केंद्र करार पाठवायचं : कार्यक्रम कोणता, मुद्रण कधी, मानधन किती. काही पत्रांमागे मामानं पेन्सिलीनं पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, लिहिली होती, 'काळी दोन', 'पांढरी चार'. गायिकेची पट्टी लक्षात राहावी म्हणून असणार. म्हणून माझा सगळ्यांना सल्ला असा की मुख्य गायकाच्या घरी जाण्याआधी साथीदारांच्या घरी जा. मोठ्या गायकांची कागदपत्रं कधीच कुठेकुठे वाटली गेलेली असतात. तबलजीच्या, हार्मोनियमवाल्याच्या घरी कुणी फिरकलेलंच नसतं. सगळ्या कागदांचे फोटो काढा, मागची बाजूसुद्धा, आणि ट्रंक होती तशी लावून द्या.

मुद्रणाची तारीख म्हणजे प्रक्षेपणाची नव्हे. मध्ये आठवडे जायचे. त्यासाठी दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठलं. १८९८ सालची संस्था. जुन्या दैनिकांचे बांधीव खंड बघायचे असतील तर कुठली वर्षं बाहेर काढतात हे आधी फोन करून विचारा. ओळखपत्र, पेन्सिल आणि हातरुमाल न्या, धुळीनं शिंका थांबत नाहीत. पानाच्या कडा हात लागताच भुगा होतात, पान दोन्ही हातांनी खालून उचलून उलटायचं. दूरदर्शनचा रकाना इवलासा असतो : संध्याकाळच्या वेळा, 'बातम्या', 'आमची माती आमची माणसं' आणि मध्येच नुसतं 'सुगम संगीत'. गायकाचं नाव असेलच असं नाही. करारातली तारीख घेऊन पुढचे दोन महिने चाळले तेव्हा एक नोंद जुळली.

वरळीचा टीव्ही टॉवर लांबून दिसतो, लोअर परळहून टॅक्सी केली की झालं. पण केंद्र म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, उठून गेटवर जाऊ नका. आधी लेखी अर्ज, शक्यतो एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर. त्यात कार्यक्रमाचं नाव, मुद्रणाची आणि प्रक्षेपणाची तारीख, मुख्य कलाकार. एका अर्जात एकच कार्यक्रम. पोच घ्या. 'सत्तरच्या दशकातली सगळी भावगीतं' अशी मागणी केलीत तर समोरच्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं.

त्याच फेरीत नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र जमवता येईल. तिथलं भांडार मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या मैफलींचं आहे, दूरदर्शनचं नाही. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही मूळचं चित्रपटांचं. दोन्ही जागा चांगल्या, पण टीव्हीसाठी तिथे अख्खा दिवस घालवू नका.

पुण्यातला खरा लाभ वेगळाच झाला. ओळखीतून एका निवृत्त तंत्रज्ञ काकांकडे गेले. त्यांनी कपाटातून पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट काढली, जाडजूड पुस्तकाएवढी, आणि उलटी करून दाखवली. तळाला एक लाल बटण असतं. ते काढून टाकलं की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नाही. "बटण जागेवर असेल तर वर काहीही चढवलेलं असू शकतं," काका म्हणाले. "बटण नसेल तर समजायचं, हे राहावं असं कुणाला तरी वाटत होतं." घरगुती व्हीएचएसला हेच काम पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा करतो. तो मोडलेल्या कॅसेट आधी उचला. लेबलावर 'मुलीचा वाढदिवस' लिहिलेलं असलं तरी.

कॅसेट सापडली की तिथल्या तिथे मशिनमध्ये घालायचा मोह होतो. घालू नका. मुंबईच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, ती पांढरी बुरशी कॅसेटच्या खिडकीतून दिसली तर आधी सफाई. टेपचा थर चिकट झाला असेल तर जाणकार मंद उष्णता देऊन ती सुकवतात, घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको. आणि पहिल्यांदा वाजेल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नाही. मोबाइलनं टीव्हीचा पडदा शूट करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे कॅसेट असेल तर ती मूळची पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) आहे की तिकडच्या एनटीएससी पद्धतीवर उतरवलेली, हे विचारा. उतरवलेल्या प्रतीत हालचाली अडखळतात आणि तबलजीचा हात बघायचा असेल तर तेच नेमकं खुपतं.

दिल्लीला मी गेले, पण भावगीतांसाठी तुम्ही जाऊ नका. ख्याल, ठुमरी, अखिल भारतीय कार्यक्रम यांच्या मागे असाल तर जरूर जा. मंडी हाउस मेट्रोला उतरलं की कोपर्निकस मार्गावर दूरदर्शन भवन आणि चालत जाण्याच्या अंतरावर फिरोजशहा रोडला रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमी. अकादमीचं दृकश्राव्य भांडार अभ्यासकांसाठी आहे, आधी लिहून परवानगी घेतलेली बरी, हेडफोन आपले न्या. गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-संग्रह केंद्र १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झालं होतं. ते आता दिल्लीपलीकडे, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

मामाचं १९७० च्या दशकातलं काही अजून हाती आलेलं नाही. मिळालं ते ठाण्यात, करारपत्रात नाव असलेल्या हार्मोनियमवादकांच्या मुलीकडे : व्हीएचएसवर दोन गाणी, रंगीत, म्हणजे बरीच नंतरची. कॅमेरा सगळा वेळ गायिकेवर. मामाचा डावा हात आणि डग्गा तेवढा कोपऱ्यात दिसतो. आईनं अंगठीवरून ओळखला.

शेवटी हक्कांचं. आपल्याकडे प्रक्षेपणावर प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षं, सादरीकरणावर कलाकाराचा ५० वर्षं आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. एक मुदत संपली म्हणून सगळ्या संपत नाहीत. घरात बसून बघा, पण नेटवर चढवण्याआधी ज्यांच्याकडून कॅसेट आली त्यांना आणि कलाकारांच्या घरच्यांना विचारा. ठाण्याच्या ताईंनी मला प्रत दिली ती याच अटीवर, आणि बोलता बोलता आणखी एका व्हायोलिनवादकांचा पत्ताही दिला. तिकडची ट्रंक दिवाळीनंतर उघडायची आहे.