सायबाच्या वाटेवर पोरांसोबत

सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला चालत जाणं आमच्याकडे नवं नाही. 24 नोव्हेंबरला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्या की बांद्याच्या रस्त्यावर घोळके दिसायला लागतात, ते थेट 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत. यंदा आम्ही नवरा-बायको दोन्ही पोरांना घेऊन निघालो. ‘एवढ्या लहान मुलांना कशाला?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण श्रद्धा केवळ रविवारच्या कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गावर सोडून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिथे प्रार्थना पाठ होतात. त्या कशासाठी म्हणायच्या, हे आईबापांनी सोबत म्हणूनच कळतं.

इन्सुलीचा घाट उतरताना रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, धरली. ट्रक गेला की आमचा आवाज बुडायचा आणि धाकटा तेवढी ओळ पुन्हा मोठ्याने म्हणायचा. बांदा ओलांडल्यावर त्याचा वेग मंदावला. म्हणाला, “आये, सायबाचे पाय दुखले नाय काय?”

घरी सोफ्यावर बसून हा प्रश्न त्याला कधीच पडला नसता. मग चालता चालता सांगत गेले. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो गल्लीबोळांतून फिरायचा, घंटा ऐकून पोरं मागे यायची, त्यांना चर्चमध्ये नेऊन तो प्रार्थना शिकवायचा. चाल लावून शिकवायचा, म्हणजे तोंडात बसतात. पुढे दक्षिणेत मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या गावांत तो मुलांना सांगे, शिकलात ते घरी जाऊन आईबापांना शिकवा. आणि जपानात 1550-51च्या हिवाळ्यात बर्फातून चालत क्योटोपर्यंत गेला. पाय दुखले असतीलच.

बर्फाच्या गोष्टीने धाकट्याला हुरूप आला. थोरलीच्या मनात मात्र दुसरंच राहिलं. “मुलांनी मोठ्यांना शिकवायचं?” असं विचारून तिने रोझरीतलं पुढचं रहस्य (येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग) स्वतः सांगायला घेतलं, आणि तिचा बाप निमूट तिच्या मागून म्हणत राहिला.

पत्रादेवीच्या पुढे एका अंगणात तुळशीवृंदावनापाशी एक म्हातारी बाई कळशी घेऊन उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी, आणि वर गुळाचा खडा. धाकट्याच्या पायाचा फोड बघून आत गेली, वाटीत खोबरेल आणून स्वतः लावलं. निघताना म्हणाली, “सायबाक म्हजोय नमस्कार सांग हां.” “ती आपल्या चर्चची नाय मा?” असं त्याने पुढे गेल्यावर विचारलं. मी त्याला म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे तिथल्या मरियामातेचं, सांगितलं. तिला हिंदू लोकही तेल वाहतात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. आपला धर्म पोरांना शिकवायचा, तो शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाठ फिरवायला नव्हे. हे मला त्यांना फार मनापासून द्यायचं आहे.

पर्वरी, मांडवीचा पूल, मग रायबंदरचा जुना बांध. हा पोर्तुगीजांनी 1630च्या दशकात बांधला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. इथे पोरं थकून गप्प झाली होती.

ओल्ड गोव्यात सायबाच्या चर्चच्या, म्हणजे बासिलिकेच्या, बाहेर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला मांडलेली. थोरली म्हणाली, “पाय घेतला तर सायब फोड बरा करील?” इथे मी थांबले. सायबाला किंमत मोजून काम करून घेता येत नाही. आपण त्याला आपल्यासाठी प्रार्थना कर म्हणतो, बरं करणारा देव. मेण वाहणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, पण मुलांना आधी आभार मानायला शिकवावं, मागणं आपसूक येतं. तिने मेणबत्ती घेतली, घरी दुखणं घेऊन पडलेल्या आजीच्या नावाने.

आत वर चांदीच्या पेटीत सायबाचं शव. धाकट्याला हाताचं विचारायचं होतं. उजव्या हाताचा भाग 1614 साली रोमला नेला, हे सांगितलं. “ज्या हातान बाप्तिस्मा दिलो तो?” तोच. तो क्षणभर विचारात पडला. मग रांगेत मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “सायबा, पत्रादेवीच्या आजयेन नमस्कार सांगलोहा.”