व्ही आणि डब्ल्यू : आधी कान, मग ओठ

मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवताना सर्वांत जास्त मला शिकवले ते श्रुतलेखनाच्या वह्यांनी. पश्चिम दिशा या अर्थाचा ‘वेस्ट’ मी सांगितला की कितीतरी मुले बनियन या अर्थाचा ‘व्हेस्ट’ लिहीत, आणि ओल्या कपड्याच्या वाक्यात ‘वेट’ऐवजी ‘व्हेट’, म्हणजे पशुवैद्य, येऊन बसे. स्पेलिंगे दहा-दहा वेळा लिहून घेतली, तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक परत येई. चूक लेखनाची नव्हती, मुलांच्या कानांना ते दोन शब्द एकच वाटत होते, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, याची खंत आजही वाटते.

मराठीत ‘व’ एकच आहे. ‘वकारस्य दन्तोष्ठम्’ असे संस्कृत वैयाकरणांनी त्याचे स्थान सांगितले आहे. मात्र आपण बोलताना वरचे दात खालच्या ओठाच्या जवळ जेमतेम येतात आणि हवा घासली न जाता निघून जाते. इंग्रजी व्हीमध्ये दात ओठावर टेकतात आणि हवा घासत, गुणगुणत बाहेर पडते. डब्ल्यूमध्ये दातांचे काहीच काम नसते. ओठांचा चंबू होतो आणि जिभेची मागची बाजू वर उचलली जाते. आपला ‘व’ या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे कान दोन्ही ध्वनी एकाच कप्प्यात टाकतो. हे केवळ आपल्याच मुलांचे होते असे नाही. वर्कर आणि टीस या संशोधकांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळत होता, पण वर्षाची होईपर्यंत त्यांतील बहुतेकांची ती क्षमता मावळली होती. म्हणून ‘नीट ऐक’ असे मुलाला रागावणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या लेखनपद्धतीने या गोंधळात भर घातली आहे. ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ असे लिहून मराठीने व्हीसाठी ‘व्ह’ राखून ठेवला, ही खरे तर मोठी सोय होती. परंतु स्पेलिंगमधला एच पाहून आपण ‘व्हील’, ‘व्हाइट’, ‘व्हॉट्सॲप’ हे डब्ल्यूचे शब्दही त्याच ‘व्ह’ने लिहू लागलो. शिवाय ‘जिव्हाळा’ किंवा ‘केव्हा’ यांत जो हकार ऐकू येतो, तो इंग्रजी व्हीमध्ये मुळीच नाही. त्यामुळे वर्गात देवनागरीत उच्चार लिहून देणे मी या जोडीपुरते बंद केले.

आता पहिले काही दिवस मुलांना बोलायला लावतच नाही. मी त्यांच्या मागे उभी राहते, म्हणजे माझे ओठ दिसत नाहीत, आणि शब्द उच्चारते. व्ही वाटला तर एक बोट, डब्ल्यू वाटला तर दोन बोटे वर करायची. सुरुवातीला मुले शेजाऱ्याची बोटे पाहतात, म्हणून डोळे मिटायला सांगते. वेगवेगळ्या आवाजांची सवय व्हावी यासाठी शाळेतील इतर शिक्षकांकडूनही तेच शब्द ध्वनिमुद्रित करून घेते. बोटे बरोबर येऊ लागली की मगच तोंडाकडे वळायचे. व्हीसाठी दात ओठावर ठेवून ‘फॅन’ म्हणायचे आणि गळ्यावर हात ठेवून त्याच जागी आवाज मिसळायचा, म्हणजे ‘व्हॅन’ तयार होते. डब्ल्यूसाठी ‘उ-एट’ असे दोन तुकडे सावकाश म्हणत वेग वाढवायचा, की ‘ओला’ या अर्थाचा शब्द आपोआप निघतो.

‘ज’ आणि झेड यांची जोडी त्या मानाने सोपी जाते, कारण ‘जरा थांब’ मधला दंततालव्य ‘ज’ आपल्याकडे आहेच. जिभेचा स्पर्श सोडून तो लांबवला की झेड मिळतो. ‘थिन’ आणि ‘टिन’ यांत आपली मुले सहसा फसत नाहीत, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही.

खरी चिकाटी लागते ती व्ही जमल्यानंतर. नव्याने शिकलेला उच्चार मुले सगळीकडे वापरतात आणि पाण्यालाही ‘व्हॉटर’ म्हणू लागतात. गेल्या वर्षी अशाच एका मुलीला मी ‘सु-आगत’ असे तोडून म्हणायला लावले आणि वेग वाढवायला सांगितले. ‘स्वागत’ म्हणताना आपले ओठ गोल झालेले तिने आरशात पाहिले, मग ‘वीज’ म्हणून पाहिले, तेव्हा ते गोल झाले नाहीत. मधल्या सुट्टीपर्यंत तिने ‘ग्वाही’, ‘वेळ’, ‘स्वर’, ‘विहीर’ असे शब्द वहीत दोन रकान्यांत लिहून काढले होते, आणि ‘वॉटर’ कोणत्या रकान्यात घालायचा हे मला विचारण्याची तिला गरज पडली नाही.