सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीत एकही नाव आलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका

इकडे अमेरिकेत पश्चिम मिनेसोटात गावातल्या हॉस्पिटलांना डॉक्टर मिळत नाहीत म्हणून व्हिसाच्या वेव्हरवर (गावाकडं काम करायच्या बदल्यात मिळणाऱ्या सवलतीवर) आपली मंडळी येत राहतात, आणि घर बघायला लागली की शाळा कशी, इंटरनेट येतं का, बर्फ कोण काढतं हे सगळं विचारून झालं की मग जरा आवाज खाली करून विचारतात, की आजूबाजूला कोणी सेक्स ऑफेंडर, म्हणजे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस, राहतो का ते कुठं बघायचं. आवाज खाली करायची काही गरज नाहीये, सगळेच बघतात. पण बघतात आणि काउंटीत (म्हणजे इथला जिल्हा) शून्य नाहीतर एक नाव आलं की "वा, किती सेफ जागा" म्हणून मोकळे होतात, तिथं मला बोलावंसं वाटतं.

आधी साइट. एनएसओपीडब्ल्यू डॉट जीओव्ही, जस्टिस डिपार्टमेंटची, फुकट. गूगल केलं की वरती पैसे मागणाऱ्या भलत्याच साइट येतात, लाल ठिपक्यांचा नकाशा दाखवून घाबरवतात आणि मग क्रेडिट कार्ड मागतात, त्यांच्या नादी लागू नका. सरकारी साइटची स्वतःची यादी नाहीये, ती फक्त प्रत्येक राज्याच्या, टेरिटरीच्या आणि काही नेटिव्ह ट्राइब्जच्या रजिस्ट्रीला विचारते आणि जे उत्तर येतं ते तुम्हाला दाखवते. म्हणजे राज्यानंच एखादं नाव पब्लिक केलेलं नसेल तर तिथंही ते येणार नाही.

आणि मिनेसोटा या बाबतीत फार हात राखून आहे. इथं तुरुंगातून सुटायच्या आधी एक कमिटी बसते आणि माणूस परत असं करण्याचा धोका किती ते बघून लेव्हल १, २ किंवा ३ देते. गुन्हा किती भयंकर होता यावर लेव्हल ठरत नाही, पुढचा धोका किती यावर ठरते, हे लोकांना पटतच नाही पटकन. पब्लिक साइटवर फोटोसकट येतात ते लेव्हल ३ वाले. लेव्हल २ ची माहिती पोलीस शाळा, डेकेअर अशा ठिकाणांना देऊ शकतात, लेव्हल १ ची साधारण पोलीस आणि पीडित-साक्षीदार यांच्यापुरतीच राहते. आणि ज्याला तुरुंग न होता नुसतं प्रोबेशन (बाहेरच, पण देखरेखीखाली राहायची शिक्षा) मिळालं त्याला तर लेव्हलच मिळत नाही, तो पोलिसांकडे रजिस्टर असतो पण तुम्हाला मला दिसत नाही. (रजिस्टर असून पत्ता अपडेट न करणाऱ्यांची वेगळी यादी बीसीए, म्हणजे राज्याची गुन्हे तपास संस्था, ठेवते, तीही बघून घ्या.)

त्यामुळे आमच्या काउंटीत एक आणि साउथ डकोटातल्या कुठल्यातरी काउंटीत वीस दिसले तर तिकडे माणसं वाईट आणि इकडे चांगली असं नसतं हो, ते राज्य यादी मोकळेपणानं लावतं, हे लावत नाही, इतकंच.

आता गावाकडचा खरा घोळ पत्त्याचा. साइटवर पत्ता टाकून एक, दोन, तीन मैलांच्या आत शोधता येतं, शहरात ते ठीक आहे, पण इथं सगळ्यात जवळचा शेजारीच एक मैलावर असतो आणि तीन मैलांच्या वर्तुळात निम्मी मक्याची शेतं नि निम्मं सोयाबीन. शिवाय मॅपवरची टाचणी कुठंही पडते, फार्महाऊसचा पत्ता काउंटी रोडच्या नंबरवर असतो, पोस्टाच्या पत्त्यात गाव एक लिहिलेलं असतं आणि घर प्रत्यक्षात दुसऱ्याच टाउनशिपमध्ये असतं, एकच झिप कोड दोन काउंट्यांत पसरलेला असतो. म्हणून त्रिज्येच्या भानगडीत न पडता काउंटी आणि झिप दोन्हीनं शोधा, आणि शेजारच्या काउंट्याही बघा, कारण तुमचं वॉलमार्ट, मुलांचं स्विमिंग आणि हॉकी तिकडंच असणार आहे. नावानं शोधत असाल तर फोटो आणि वय नीट जुळवा. इकडे स्कँडिनेव्हियन वस्ती, ज्याला त्याला अँडरसन, जॉन्सन नाहीतर ओल्सन म्हणायचं, भलत्याच सज्जन माणसाला गुन्हेगार ठरवून बसाल.

नदीपलीकडचं, म्हणजे शेजारच्या राज्यातलंही बघा असं मी सांगते त्याला कारण आहे. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सच्या मॉलच्या पार्किंगमधून ड्रू श्योडिन नावाची २२ वर्षांची कॉलेजातली मुलगी पळवली गेली. तिला मारणारा त्याच वर्षी २३ वर्षं तुरुंगात काढून सुटला होता, मिनेसोटाचा लेव्हल ३, आणि राहत होता क्रुकस्टनला, रेड रिव्हर ओलांडली की थोड्याच अंतरावर. पण तेव्हा सगळ्या राज्यांत एकदम शोधायची सोयच नव्हती, नॉर्थ डकोटावाल्यानं स्वतःच्या राज्याची यादी बघितली असती तर तो दिसलाच नसता. २००५ ला ही राष्ट्रीय साइट सुरू झाली आणि २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानं तिला ड्रूचं नाव दिलं.

आणि ज्या केसमुळे देशभर या रजिस्ट्र्या आल्या तीसुद्धा इथलीच. जेकब वेटरलिंग, ११ वर्षांचा, ऑक्टोबर १९८९ मध्ये सेंट जोसेफ गावाबाहेर सायकलवरून घरी येताना बंदूक दाखवून नेला. १९९४ ला त्याच्या नावानं फेडरल कायदा झाला, प्रत्येक राज्यानं रजिस्ट्री ठेवायची. तो सापडला थेट २०१६ ला, पेन्सव्हिलजवळ पुरलेला. नेणारा त्याच भागात राहणारा होता, पोलिसांनी त्याला तेव्हाच बोलावून चौकशी करून सोडलेलं, पण असल्या गुन्ह्यात शिक्षा कधी झालेली नव्हती. म्हणजे १९८९ मध्ये अगदी आजच्यासारखी साइट असती तरी जेकबच्या आईला त्यावर हा माणूस दिसला नसता. मला ही गोष्ट कळल्यापासून तो शून्य आकडा बघून काहीच वाटेनासं झालंय. आणि जेकबच्या आईनंच, पॅटी वेटरलिंग यांनी, जिनं हा कायदा व्हावा म्हणून जिवाचं रान केलं, पुढं सांगितलंय की याद्या फार पसरल्यात, विशेषतः अल्पवयीन मुलांना त्यात घालणं योग्य नाही.

न्याय खात्याच्या आकडेवारीचा २००० सालचा एक रिपोर्ट आहे, पोलिसांकडे आलेल्या केसेसमधली १८ च्या खालची ९३ टक्के मुलं गुन्हेगाराला ओळखत होती, एकूण गुन्हेगारांतले ३४ टक्के तर घरचेच. अनोळखी फक्त ७. आपण नकाशावर शोधतो तो या सातातला, आणि गावात तर कोच, बसड्रायव्हर, चर्चमधला काका, सगळे ओळखीचेच.

गावात लेव्हल ३ चा कोणी राहायला येणार असेल तर शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) मीटिंग घेतो. मी गेले होते एका मीटिंगला, शाळेच्या जिममध्ये, निम्मं गाव आलेलं. पहिला प्रश्न, आमच्याच गावात का? उत्तर अगदी साधं होतं, त्याच्या घरचे इथले आहेत, शिक्षा संपलीये, कुठं राहायचं ते आम्ही ठरवू शकत नाही. लोक चिडले, पण मला विचाराल तर घरच्यांजवळ, पत्ता माहीत असलेल्या ठिकाणी राहतोय ते कुठंतरी गाडीत झोपण्यापेक्षा बरंच.

स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी मेन राज्यातली गोष्ट वाचावी. एप्रिल २००६, कॅनडातला वीस वर्षांचा एक पोरगा तिथल्या रजिस्ट्रीतून पत्ते काढून गेला आणि दोन वेगवेगळ्या गावांत दोघांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाचा गुन्हा काय, तर १९ वर्षांचा असताना स्वतःच्या गर्लफ्रेंडशी संबंध, ती १६ ची व्हायला थोडेच दिवस बाकी होते. नावापुढं फक्त कलम लिहिलेलं असतं, हकीकत नसते. त्रास दिला तर गुन्हा आहे असं साइट उघडतानाच लिहून येतं, आपण न वाचता ओके करतो.

यादी बदलत राहते, इथं रजिस्टर माणसाला घर बदलायच्या पाच दिवस आधी कळवावं लागतं, तेव्हा घर घेताना एकदा बघून विसरून जाऊ नका, शाळा सुरू व्हायच्या आधी परत बघा. आणि साइटवर जे नाही ते सरळ शेरीफ ऑफिसला फोन करून विचारा, सगळं सांगता येत नाही त्यांना पण जेवढं येतं तेवढं सांगतात, गावातले डेप्युटी गप्पिष्ट असतात. फक्त नॉन-इमर्जन्सी नंबर लावा, मागे एकानं यासाठी ९११ लावला होता.