पावत्या निघायच्या आधी

"कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्यानं खरंच फरक पडला का? आणि पडला हे ओळखायचं कसं?" साखर कारखान्याच्या शेतकी विभागात 22 वर्षं काढल्यामुळे हे मला सारखं विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचा रोजचा मोठा निर्णय एकच: उद्या तोडीच्या पावत्या, म्हणजे ऊस तोडायच्या परवानगीच्या चिठ्ठ्या, किती आणि कुणाला द्यायच्या. कमी दिल्या तर पहाटे गव्हाण, म्हणजे मिलमध्ये ऊस टाकायची जागा, रिकामी आणि मिल बंद. जास्त दिल्या तर ट्रॅक्टर रात्रभर यार्डात उभे. तोडलेला ऊस 24 तासांत गाळला नाही, तर वजनही घटतं आणि उताराही, म्हणजे उसातून निघणारी साखर.

प्रणाली आली तेव्हा रोज सकाळी 9 वाजता 11 पानांचा अहवाल टेबलावर यायचा. संचालक खूश होते. मी आठवडाभर पावत्या ठरवणाऱ्या साहेबांशेजारी बसून नुसतं पाहत होतो. ते शेवटच्या पानावरचा कालच्या गाळपाचा आकडा बघायचे आणि कागद बाजूला सारायचे. पावत्या ठरायच्या दुपारी 4 ला, तोवर सकाळचे आकडे शिळे. मग चिटबॉयला, म्हणजे गावातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या माणसाला, फोन: "तुझ्याकडं फडात किती पडलाय रे?"

म्हणून मी वही घातली. साहेबांनी आधी आपल्या अंदाजानं पावत्यांचा आकडा लिहायचा, मग अहवाल बघायचा. पंधरा दिवसांत तो आकडा एकदाही बदलला नाही. मग आम्ही साडेतीनला अर्ध्या पानावर तीनच आकडे द्यायला लागलो: यार्डात उभा ऊस, फडात तोडून पडलेला ऊस आणि त्या पाळीचं गाळप. वहीत खाडाखोड सुरू झाली. यार्डात गाडी किती तास थांबली, तेही मी त्या खाडाखोडीपुढे लिहू लागलो. माझ्या लेखी प्रणालीची परीक्षा ती हीच.

पण आकडा वेळेवर आला तरी तो खरा हवा. एकदा यादी चाळताना एका गावच्या सगळ्या लागणी एकाच दिवसाच्या दिसल्या. ज्या दिवशी नोंद केली, तीच तारीख लागणीची म्हणून आपोआप पडत होती. चिटबॉयकडं नोंदींचा ढीग, बदलणार कोण? तोड लागण तारखेच्या क्रमानं. त्यात एका मावशींचा जुलैमध्ये लावलेला आडसाली ऊस, नोंद उशिरा झाल्यानं, तोडीत दोन महिने मागं गेला आणि त्याला तुरा, म्हणजे फुलोरा, आला. त्यांनी एक ऊस माझ्या टेबलावर आणून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. मी तो चिरला. आत दशी पडली होती, रस आटून गाभा कापसासारखा.

आजही कुणी नवी प्रणाली दाखवायला बोलावलं, की मी आधी लागण तारखेचा रकाना उघडायला सांगतो.