तुम्ही विचारलंत म्हणून : ‘डॉटर’ आणि दुहिता

‘इंग्रजी शब्द शेवटी संस्कृतातूनच आले आहेत ना?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात आणि एकदा तर दवाखान्याच्या बाकावरही विचारला गेला आहे. जुन्या इंग्रजीचा, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीचा, माझा अभ्यास आहे हे कळले की मातृ–मदर, द्वार–डोअर, दुहितृ–डॉटर ही यादी समोरून येते, आणि मी ‘नाही’ म्हटले की मला आपल्या भाषेचा अभिमान नाही, असा निष्कर्ष काढला जातो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा आता कदाचित उरलेलीही नसेल, असे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात सांगितले. जर्मन, इंग्रजी वगैरे भाषाही त्याच कुळातल्या आहेत. बहिणीला आई म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. उलट दोघींचे खरे नाते झाकले जाते. ‘लॉर्ड’ हा शब्द ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाच्या जुन्या जोडशब्दातून झिजत आला आहे, हे धन्याला अन्नदाता म्हणणाऱ्या आपल्याला सहज पटेल. ‘लेडी’ म्हणजे मुळात कणीक तिंबणारी, आणि त्या शब्दातला तिंबण्याचा धातू आपल्या ‘देह’ या शब्दातही आहे: लिंपून, घडवून केलेला तो देह. असे नाते सापडले की माझा दिवस उजळतो. याउलट इंग्रजी ‘बॅड’ आणि बदनामीतला फारसी ‘बद’ ऐकायला सख्खे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कानावर विसंबून चालत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण मी हे नेहमी इतक्या शांतपणे सांगत नव्हते.

माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या वाचनालयात त्यांचे व्याख्यान झाले. मी तेव्हा संशोधनाच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. तीस-चाळीस माणसे असतील. दुहिता म्हणजे गाईचे दोहन करणारी, घरातले दूधदुभते जिच्या हाती ती मुलगी, आणि हाच शब्द पुढे इंग्रजीत ‘डॉटर’ झाला, असे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्नोत्तरे सुरू होताच मी उठले आणि थेट फळ्याजवळ गेले. दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ असे एकाखाली एक लिहिले. संस्कृतात जिथे मूळचा द आहे तिथे इंग्रजीत ट येतो. म्हणून शब्द दुहितृवरून आला असता तर तो ‘टॉटर’ झाला असता, असे मी म्हणाले. मूळ शब्दाच्या आरंभी ध होता, संस्कृतात त्याचा द झाला, इंग्रजीतही आपल्या वाटेने ड झाला, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातून स्वतंत्रपणे बाहेर पडले. ‘दोहन करणारी’ ही कथाही भरवशाची नाही, हे मी शेवटी जोडले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी रुमालाने बोटांवरचा खडू पुसला, पुसून झाल्यावरही पुसत राहिले, आणि म्हणाले, ‘बरोबर असेल.’ घरी परतताना त्यांनी मला, रात्री पिठले चालेल का, एवढेच विचारले. त्यानंतर त्यांची शब्दांची वही माझ्यासमोर कधी उघडली गेली नाही.

मी चुकीचे काही बोलले नव्हते. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटले आहे की आता त्याचा आधार वाटत नाही. हेच त्यांना घरी ओसरीवर सांगता आले असते. त्यावर त्या वेळची मी म्हणते की चूक चारचौघांत सांगितली गेली असेल तर ती चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवी. तिचे म्हणणे मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही.

ती वही आता माझ्याकडे आहे. एका पानावर ‘डिअर’ आणि ‘मृग’ शेजारी शेजारी लिहिले आहेत. हे शब्द एका मुळाचे नाहीत म्हणून ती नोंद मी पूर्वी मनातल्या मनात बाद केली असती. पण त्यांनी खाली लिहिले आहे: ‘दोन्ही आधी कोणतेही जनावर, मग फक्त हरीण. मृगेंद्र पाहा.’ हे अगदी अचूक आहे. ते मूळ सांगत नव्हते. दोन भाषांत अर्थ कसा सारखाच आकसत गेला, ते टिपत होते.

‘दुहिता’च्या पानावर यास्काच्या निरुक्तातल्या, म्हणजे वैदिक शब्दांची मुळे सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथातल्या, तिन्ही व्युत्पत्ती आहेत: दुर्हिता, जिचे हित साधणे कठीण, दूरे हिता, जी दूर असण्यातच हित आहे, किंवा दुह् धातूवरून, दोहन करणारी. यास्काने तिन्ही पुढे ठेवल्या आहेत. म्हणजे हे अनिश्चित आहे, हे वडिलांना माहीत होते. तरी सभेत, मी समोर बसलेली असताना, त्यांनी फक्त तिसरी सांगितली. वहीत ‘दूरे हिता’पुढे पेन्सिलीने एक लहानसे प्रश्नचिन्ह आहे, आणि ते त्यांनी व्याख्यानाआधी काढले की नंतर, ते शाईवरून किंवा कागदावरून मला ठरवता आलेले नाही.