माघी वारी आणि नदीकाठची थंडी

गावच्या दिंडीतनं माघी वारीला चालायचं हे माझं तिसरं वर्ष. दुपारी शर्ट घामानं चिंब आणि रात्री दोन कांबळी पुरत नाहीत, हे असं का होतं ते यंदा नीट लक्ष देऊन बघितलं.

बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण 750 मीटरवर, तिथनं काकती, हत्तरगी करत संकेश्वरला आलं की आपण शंभरेक मीटर खाली उतरलेलो असतो, मला वाटलं आता थंडी जरा कमी होणार. हिशेब तसाच आहे म्हणा, 1000 मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे शंभर मीटरला पाऊण अंश पण नाही. खरं हिरण्यकेशीच्या काठाला मुक्काम पडला आणि त्या रात्री जे कुडकुडलो ते घरी कधी नाही, पहाटे कांबळं दंवानं ओलं, आणि दिंडीतल्या एका आजींना खोकला धरला तो दोन दिवस सुटला नाही.

आमचे वीणेकरी तात्या, शाळू-हरभरा करणारा माणूस. म्हणाले, "माउली, थंडी पाण्यासारखी असती, वरनं वाहत येती आणि खोलगटात साचती."

अगदी बरोबर आहे ते! माघात आभाळ निरभ्र, हवा कोरडी, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, अडवायला ना ढग ना वाफ, मग जमिनीला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारानं नदीकडं सरकते, म्हणून खालच्या शेतात थंडी जास्त आणि शेजारच्या टेकाडावर कमी. नुसत्या उंचीमुळं दिवस-रात्रीचा फरक वाढतो असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, उलट टेकाडावर वारं हलत असतं आणि गार हवा खाली निघून जाते, त्यामुळं तिथं रात्र तेवढी उतरत नाही. गोव्यात किनाऱ्याला समुद्राची वाफ सांभाळून घेते. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नाही बरं का, सूर्य उगवायच्या सुमाराला, म्हणजे काकडा संपवून आपण पाय उचलतो तेव्हा.

चिकोडीच्या मुक्कामाला तात्या आधीच पुढं जाऊन माळावरच्या देवळात जागा बघून आले. पहाटे उठलो तर कांबळं कोरडं, आणि आजी आमच्या आधी टाळ घेऊन उभ्या.