‘मंगूस’चं अनेकवचन

इंग्रजीत ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’, मग ‘मंगूस’चं ‘मंगीस’ का नाही? हा प्रश्न कुणा ना कुणा पोराला पडतोच, आणि शिकवणारेही क्षणभर अडखळतात. उत्तर सोपं आहे. गूस नावाच्या त्या पाणपक्ष्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. ते आपलं मुंगूस. चांगला इंग्रजी कोश उघडून पाहा, व्युत्पत्तीत चक्क ‘मराठी’ असं छापलेलं सापडेल. अनेकवचन साधंसुधं, ‘मंगूसेस’.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली हिंदुस्थानात आला, मुंबई-सुरतेत राहिला, जुन्नरपर्यंत हिंडला. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंगूस आहे. परका शब्द कानाला लागला की त्याला ओळखीचं काहीतरी जोडून टाकायचं, ही भाषांची जुनी खोड. तसा मुंगसाच्या शेपटीला गूस चिकटला. आपण नाही का ‘लॉर्ड’चा लाटसाहेब केला!

पण फार छाती फुगवायला नको. कानडीत मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. मूळ द्राविडी असावं, असं बरेच जाणकार मानतात. म्हणजे आपणही शेजाऱ्याकडून आणलेलाच माल पुढे खपवला. फ्रेंचांनी त्याचं ‘मांगूस्त’ केलं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने तर १७६६ मध्ये मादागास्करच्या एका माकडासारख्या लेमूरलाच ‘माँगोझ’ हे नाव देऊन टाकलं. बिचारा झाडावर बसून फुलं-फळं खाणारा प्राणी, साप-बीप त्याच्या गावीही नाही.

शब्दामागोमाग जनावरही निघालं. १८७२ साली एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. ऊस खाणारे उंदीर मारायला. तिथून १८८३ मध्ये ती हवाईला पोचली. उंदीर हिंडतात रात्री, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर बरेचसे वाचले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी संपली.

आपल्याकडे मुंगूस दिसणं म्हणजे शुभशकुन. कुंपणाच्या कडेने करडी शेपटी जमिनीला समांतर ठेवून ते सरपटल्यासारखं पळतं, तेव्हा पोरं ओरडतात, “मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!” आणि ते खरंच कधीकधी थबकून मागे बघतं. हवाईतल्या काउआई बेटावर ते अजून पसरलेलं नाही. तिथे मुंगूस दिसलं, तर ताबडतोब सरकारी खात्याला कळवायचं असतं.